सावलीसावलीनं

मे महिन्यात, दुपारी बाराच्या सुमारास, रामटेकच्या गडावर अनवाणी चालायची पाळी आली की मंदाक्रांता वृत्त आपोआप पायांत उतरतं. ही कोटी नाही. मला ते असंच कळलं, आणि तेही जन्मभर वर्गात 'मेघदूत' शिकवून झाल्यावर.

चपला खाली एका दुकानात ठेवल्या होत्या. गडावर दरवाजामागून दरवाजे लागतात. दरवाजाच्या पोटात गार काळोख आणि दोन दरवाजांच्या मधे उघडी फरसबंदी, तापलेल्या तव्यासारखी. कुठं कुठं तरट अंथरलं होतं, पण त्यावर मारलेलं पाणी केव्हाच उडून गेलेलं. मी ऐटीत मधूनच निघालो आणि चौथ्या पावलाला नाचायला लागलो. कडेला हार-फुलं घेऊन बसलेल्या एका बाईनं हातातली गाठ न सोडता सांगितलं, "सावलीसावलीनं चाला न बाप्पा! काहून मधातून चालून राह्यले?"

भिंतीला धरून वीतभर सावलीची पट्टी होती. ती मला दिसलीच नव्हती. तिच्यावरून चार पावलं निवांत टाकली. मग पट्टी तुटली, तिथून पाच पावलं पळतच. पुढच्या दरवाजात पोचल्यावर एक लांब श्वास. मंदाक्रांतेची ओळ अशीच चालते. आधी चार गुरू, मग सलग पाच लघू, मग एका गुरूवर टेकणं, आणि उरलेली सात अक्षरं लांब-आखूड, लांब-लांब-आखूड अशी लंगडत, सावरत. नावाचा अर्थच मुळी हळूहळू पावलं टाकणारी. वर्गात मी ही सतरा अक्षरं फळ्यावर चिन्हांनी मांडत आलो. विरहिणीचे उसासे, ढगाची संथ गती वगैरे सांगत आलो. तळपाय पोळल्यावर वाटलं, ही चाल उन्हातून सावली शोधत जाणाऱ्या माणसाची आहे. छंदःशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण छंदःशास्त्र करणारे मे महिन्यात गडावर चढले होते की नाही, कोणी सांगावं!

बरोबर माझा भाचा होता. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात पंधरा दिवस हिंडून नुकताच घरी आला होता. आल्यापासून मोबाइलवर फोटो दाखवणं चाललं होतं. डोंगराच्या कडेवर टांगलेलं रोंदा, चुन्यानं पांढरीशुभ्र झालेली आर्कोस आणि बेहेरसारखी गावं, कुंड्या टांगलेल्या भिंती, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या. "मामाजी, तिकडंही ऊन आपल्यासारखंच, पण लोक गावंच्या गावं पायी पाहतात. आपल्याकडं असं काही पाहण्यासारखं नाही," हे त्याचं म्हणणं. उन्हाचं त्यानं खरं सांगितलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॉर्दोबाच्या आसपास पारा ४७ च्या पुढं गेला होता. नागपूरकराला हा आकडा ऐकून परकं वाटायचं कारण नाही. सेव्हियाच्या बाजारगल्लीवर उन्हाळ्यात या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कापड ताणतात, हे त्यानं कौतुकानं दाखवलं, तेव्हा मला आपल्या सिग्नलवर बांधलेली हिरवी जाळी आठवली. तिच्या चतकोर सावलीत स्कूटरवाले कसे एकमेकांना खेटून उभे राहतात! तिकडच्या रस्त्यांवर संत्र्याची झाडं आहेत, हेही त्यानं सांगितलं, पण फळ कडू, तोंडात धरवत नाही. फळाच्या बाबतीत आपण जिंकलो. नावाच्या बाबतीत मात्र बरोबरी. संस्कृतातलं नारंग इराणात नारंग, अरबांकडं नारंज आणि तिथून स्पेनमध्ये गेल्यावर 'नारान्हा' झालं. आपण घरात बसून नारिंगीच म्हणत राहिलो.

पाहण्यासारखं काही नाही, हे मात्र जिव्हारी लागलं. आंदालुसियाची गावं डोळ्यांना दिसतात. आपली गावं वाचावी लागतात. आणि रामटेकच्या पंचक्रोशीचं वाचन करायचं तर त्याची प्रत आपल्याकडं दीड हजार वर्षांपासून आहे. 'मेघदूत' आपण प्रेमकाव्य म्हणून वाचतो. त्याचा पूर्वार्ध, पूर्वमेघ, हा तर सरळसरळ उन्हाळी मुलखातल्या गावांचा प्रवास आहे. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, कोणत्या गावात म्हातारे गोष्टी सांगत बसतात, कोणती वाट वाकडी असली तरी सोडायची नाही, सगळं त्यात आहे.

तो प्रवास रामगिरीवरून सुटतो. रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे वासुदेव विष्णू मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. दुसरा पक्ष छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगडाचा. मिराशी (१८९३–१९८५) जन्मानं कोकणातले, पण आयुष्य काढलं नागपुरात. वाकाटक राजांचे कोरीव लेख त्यांनी एका ग्रंथात आणले, तो १९६३ मध्ये निघाला. मी मिराशींच्या बाजूचा. यात नागपूरकराचा स्वार्थ नाही असं म्हणवत नाही.

आता पहिला श्लोक बघा. कर्तव्यात चुकलेल्या यक्षाला धन्यानं वर्षभरासाठी हद्दपार केलं आहे. तो रामगिरीवर येऊन राहिला. एवढी हकीकत झाल्यावर कवीला त्या जागेबद्दल काही सांगायला उरते जेमतेम एक ओळ. तेवढ्या जागेत कालिदास डोंगराची उंची सांगत नाही, वरून दिसणारा देखावा सांगत नाही, देऊळही सांगत नाही. दोनच गोष्टी सांगतो. एक, तिथलं पाणी सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं आहे. दोन, तिथं दाट सावलीची झाडं आहेत. झालं. पाणी आणि सावली. विदर्भात बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ज्या दोन गोष्टी विचाराव्या लागतात, त्याच दोन.

सावलीला त्यानं विशेषण लावलं आहे 'स्निग्ध'. म्हणजे तेलकट नव्हे. डोळ्यांना मऊ वाटणारी, भरीव, भोकं नसलेली. बाभळीची सावली स्निग्ध नसते. चिंचेची असते, वडाची असते, आंब्याची असते. मल्लिनाथानं टीकेत या छायातरूंना एका विशिष्ट झाडाचं, नमेरूचं, नाव देऊन टाकलं. मला ते कधीच पटलं नाही. मल्लिनाथ तेलंगणातला, त्याला उन्हाची काय कमी होती? उन्हातल्या माणसाला झाडाची जात लागत नाही, सावली लागते. अंबाळा तळ्याच्या काठावर बसलेल्यांना विचारा, तुम्ही कोणत्या झाडाखाली बसला आहात. निम्मे जण आधी वर बघतील आणि मग उत्तर देतील.

आणखी एक बारकावा. यक्ष राहतो तो आश्रमात नव्हे, आश्रमांमध्ये. अनेकवचन आहे. जीव लागत नाही म्हणून माणूस एका जागी टिकत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण मी मुलांना देत असे. चुकीचं नाही. पण गडावर एक दिवस काढला की दुसरंही कळतं. सकाळी सावली डोंगराच्या पश्चिमेला असते, दुपारी कुठंच नसते, चारनंतर पूर्वेला येते. माणूस तिच्यामागं सरकतो. गडावरची वानरंसुद्धा दिवसातून तीनदा घर बदलतात. विरहाचं आणि उन्हाचं अनेकवचन एकच असायला काय हरकत आहे?

पाण्याच्या विशेषणात मात्र एक काटा आहे. सीता इथं न्हाली ती रामाबरोबर वनवासात असताना. म्हणजे हे पाणी दोघांच्या सहवासाचं. यक्षाला हद्दपारीत तेच पाणी रोज अंगावर घ्यायचं आहे, एकट्यानं. कवीनं दुःख असा शब्द काढलेला नाही, नुसतं पाण्याचं नाव सांगितलं. पुढं उत्तरमेघात, बायकोकडं निरोप घेऊन पाठवलेल्या ढगाला यक्ष सांगतो की हनुमानाला पाहून मैथिलीनं मान वर करावी तशी माझी बायको तुला पाहील, तेव्हा पहिल्या श्लोकातलं ते स्नान परत डोळ्यांपुढं येतं. काटा टोचतो तो शंभर श्लोकांनंतर.

भाच्याला हे सगळं मी कर्पूर बावडीच्या ओसरीत बसून सांगत होतो. बावडी गडाच्या पायथ्याशी आहे. मधे पाणी, कडेनं दगडी खांबांची ओसरी, काही भाग ढासळलेला. उन्हातून आत शिरल्यावर पहिलं अर्धं मिनिट काही दिसतच नाही. मग खांब एकेक करून उजेडात येतात, पाण्यावरचा प्रकाश छताला हलताना दिसतो. त्यानं ग्रानादाच्या आल्हाम्ब्राचे फोटो काढले. तिथंही चौकाच्या मधे पाण्याचा आयत आणि दोन्ही टोकांना खांबांची सावली. मूर राजांनी ते महाल १४९२ मध्ये गमावले. पुढं वॉशिंग्टन आयर्विंग नावाचा अमेरिकन लेखक १८२९ मध्ये तिथल्या पडक्या दालनांत राहिला, १८३२ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि जग ती वास्तू पाहायला धावलं. "म्हणजे तिथं आधी राजवाडा, मग पुस्तक," भाचा म्हणाला, "आणि इथं?" इथं आधी पुस्तक, आणि त्याच्याखाली दबलेला राजवाडा अजून थोडा थोडा वर येतो आहे.

तो राजवाडा नगरधनात. रामटेकच्या दक्षिणेला, गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर. आज दिसतो तो किल्ला गोंड-भोसले काळाचा. तटबंदी चांगली, आत मैदान, आणि पायऱ्या उतरत जमिनीच्या पोटात गेलं की बावडीत देवी. पण याच परिसरात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती, असं मिराशींनी मांडलं. २०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं आणि डेक्कन कॉलेजनं इथं उत्खनन केलं, त्यात मातीचा एक ठसा सापडला. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा, लंबगोल. वजन म्हणाल तर चिमूटभर तंबाखूइतकं. त्यावर ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचं नाव आणि शंखाची आकृती. कुठल्याशा पत्राला, पोतडीला किंवा पेटीला दोरी बांधून गाठीवर ओली माती दाबली असेल आणि तिच्यावर राणीची मुद्रा. पत्र गेलं, दोरी गेली, मातीची गोळी राहिली. रसग्रहणाला हाताशी असलेला हा सगळ्यांत छोटा मजकूर. एक नाव आणि एक शंख.

प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. वाकाटक घराण्यात रुद्रसेनाला दिली, नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कारभार तिनं हातात घेतला. तिच्या ताम्रपटांत एक मजा आहे. वंशावळ द्यायची वेळ येते तेव्हा ती सासरची देत नाही, माहेरची, गुप्तांची देते. ताम्रपटाच्या ठोकळेबाज भाषेत बाईचा ताठ कणा दिसतो तो एवढ्या एका निवडीतून. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, तो नंदिवर्धनाहून दिलेला. दुसरा मिळाला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. तो दिला आहे रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून. राजधानीचं नाव नाही, पायांचं आहे.

आणि आता 'मेघदूत' उघडा. बाराव्या श्लोकात यक्ष ढगाला म्हणतो, निघण्यापूर्वी या उंच डोंगराला मिठी मार आणि निरोप घे. याच्या उतारावर रघुपतीची पावलं उमटलेली आहेत, लोक त्यांना वंदन करतात. ताम्रपटात पाय, काव्यात पाय. मिराशींच्या युक्तिवादाचं बळ या जुळणीत आहे. मला त्यातलं दुसरंच आवडतं. कवीनं देवाची मूर्ती वर्णिली नाही, डोंगराच्या अंगावर उमटलेली पावलं वर्णिली. म्हणजे चालून गेलेल्या माणसाची खूण. पोळलेले पाय घेऊन बसलेल्या मला त्या दिवशी हे जरा जास्तच जवळचं वाटलं, हे कबूल करतो.

गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे. दार ओलांडून पुढं गेलं की अंधारात तांबड्या दगडाचा नरसिंह बसलेला, भव्य, हातात चक्र. तो हिरण्यकशिपूला फाडत नाहीये, नुसता बसला आहे. राग येऊन गेल्यानंतरचा. इथल्या भिंतीवर गिलाव्याखाली एक वाकाटक लेख दडलेला होता, तो १९८० नंतर उजेडात आला. हान्स बाकर आणि हरुनागा आयझॅकसन यांनी १९९३ मध्ये त्याचं वाचन छापलं. ओळी बऱ्याच झिजलेल्या आहेत, पण जे हाती लागतं ते असं की प्रभावतीच्या मुलीनं आईच्या नावानं देवाची स्थापना केली. आईचं नाव देवाला दिलं. शतकानुशतकं पुजारी चुना फासत राहिले आणि मुलीचं बोलणं त्याच्याखाली शाबूत राहिलं. आंदालुसियात चुन्यानं गावं दिसायला लागली. आपल्याकडं चुन्यानं एक लेख झाकून धरला आणि झाकला म्हणूनच तो थोडाफार टिकला.

आता तिथीचं भांडण. यक्षाला ढग दिसला तो आषाढाचा पहिला दिवस की शेवटचा? मल्लिनाथाचा पाठ 'प्रथम'. त्याच्या आधीचा काश्मिरी टीकाकार वल्लभदेव 'प्रशम' वाचतो, म्हणजे आषाढ संपतानाचा दिवस. एका अक्षरानं महिना सरकतो. पुढं श्रावण जवळ आल्याचा उल्लेख आहे, तो 'प्रशम'वाल्यांचा पुरावा. 'प्रथम'वाले बोट दाखवतात शापाच्या हिशेबाकडं. विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा शाप संपेल आणि त्याला चार महिने उरलेत, असं यक्षच सांगतो. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी बरोबर चार महिने. म्हणजे आषाढाची सुरुवातच बरी. आपण तर कालिदास दिन आषाढ शुद्ध प्रतिपदेला साजरा करून मोकळे झालो आहोत. या वादात पडण्यापेक्षा मला त्यातली एक रामटेकी गंमत सांगायची आहे. यक्षाची शिक्षा कार्तिकी एकादशीला संपते. रामटेकची मोठी जत्रा असते त्रिपुरी पौर्णिमेला, चारच दिवसांनी. गडावर दिवे, खाली दुकानं, पाळणे, गावोगावची माणसं. बिचारा यक्ष वर्षभर ओसाड डोंगरावर उसासे टाकत राहिला आणि जत्रेच्या तोंडावर सुटून गेला! चार दिवस थांबला असता तर घरच्या, अलकानगरीच्या आठवणीची धार थोडी कमी झाली असती. शिकवत असताना हे वाक्य मी दरवर्षी टाकायचो आणि शेवटच्या बाकावरची मुलं तेवढंच लक्षात ठेवायची.

कालिदासाच्या नावाचं स्मारक गडावर आहे. आत भिंतींवर त्याच्या काव्य-नाटकांतली चित्रं आहेत. भाचा तिथं थोडा रमला. आंदालुसियातल्या मोगेर गावात त्यानं असंच काही पाहिलं होतं. हुआन रामोन हिमेनेस या कवीचं ते गाव. १९१४ मध्ये त्यानं आपल्या गाढवाला घेऊन गावभर केलेल्या भटकंतीचं पुस्तक लिहिलं, 'प्लातेरो आणि मी'. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याची बायको सेनोबिया हिनं रवींद्रनाथांना स्पॅनिशमध्ये नेलं. गावानं पुस्तकातले उतारे चिनीमातीच्या फरशांवर उतरवून त्या त्या गल्लीत लावले आहेत. चालता चालता पुस्तक वाचायचं. मला हेवा वाटला, लपवत नाही. पण लगेच ध्यानात आलं की हे रामटेकला जमणार नाही. 'प्लातेरो' हे गावात राहणाऱ्याचं पुस्तक. 'मेघदूत' हे रामटेकवरून निघून जाण्याचं काव्य आहे. डोंगराच्या वाट्याला सुरुवातीचे थोडे श्लोक, मग ढग जो जातो तो परत वळून बघत नाही. आपण ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो ती आपल्याला सोडून जाण्याची गोष्ट आहे, हे नागपूरकरानं एकदा नीट समजून घ्यायला हवं.

जाता जाता ढग ज्या पहिल्या शेतावर थांबतो तो सोळावा श्लोक मात्र सोन्याचा. सगळं पीक तुझ्या हाती आहे, यक्ष ढगाला सांगतो, म्हणून गावातल्या बाया तुला डोळ्यांनी पिऊन घेतील. त्या बायांना भुवया उडवायच्या नखऱ्यांची माहिती नाही. त्यांची नजर प्रेमानं ओली आहे, एवढंच. नुकत्याच नांगरटीनं दरवळणाऱ्या माळावर चढ, मग हलक्या पावलानं उत्तरेकडं नीघ. इथं मुळात शब्दच 'माल' असा आहे, आणि मराठी कानाला तो माळरानातला माळच ऐकू येतो. नागर कवी आहे हा. उज्जयिनीच्या वर्णनात त्याच्या बायका कटाक्षांशिवाय बोलत नाहीत. त्याच कवीनं इथं नजरेतून सगळी कला काढून टाकली आणि नुसती गरज ठेवली. शृंगाराच्या काव्यात शेतकरीण येते ती शृंगाराच्या बाहेर उभी राहूनच. त्या आधी सातव्या श्लोकात त्यानं ढगाला तापलेल्यांचा आसरा म्हटलं आहे. टीकाकार तिथं विरहाचा ताप आणि उन्हाचा ताप असे दोन अर्थ सांगतात. या सोळाव्या श्लोकात तिसरा ताप आहे, पेरणीचा, आणि त्याला टीकेची गरज पडत नाही.

वाटेबद्दल कालिदासाचं एक धोरण आहे. ढग उत्तरेला चालला आहे, उज्जयिनी आडवाटेवर पडते. तरी यक्ष म्हणतो, वाट वाकडी झाली तरी चालेल, पण ते शहर चुकवू नकोस. आणि त्या मुलखातल्या खेड्यांची ओळख कशी करून देतो? तिथले गावातले म्हातारे उदयनाच्या गोष्टी सांगण्यात पटाईत आहेत, अशी. गावाची खूण म्हणून देऊळ नाही, वेस नाही. पारावरचे म्हातारे.

वाकड्या वाटेची याहून मोठी गोष्ट आपल्या घरात आहे. तेराव्या शतकात गुजरातेतल्या एका प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूर लागलं. तिथं गोविंदप्रभू भेटले आणि हरिपाळदेवाचे चक्रधर झाले. पुढं त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी जमवल्या, तोच 'लीळाचरित्र', मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. त्याची संपादित प्रत १९७८ मध्ये काढली ती विष्णु भिकाजी कोलते यांनी, पुन्हा नागपूरच्याच माणसानं. नीट बघा. रामगिरीच्या पायांपासून निघालेला प्रभावतीचा ताम्रपट सापडला रिद्धपुरात. रामटेकला निघालेला माणूस थबकला रिद्धपुरात. मराठीचं स्वतंत्र विद्यापीठही आता तिथंच सुरू झालं आहे. नकाशावर पाहिलं तर मोर्शी तालुक्यातलं एक गाव, आसपास संत्र्याच्या बागा. गावात शिरताना आधी मठांचे कळस दिसतात, आणि घरांच्या ओट्यांवर दुपारची वामकुक्षी.

म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्याही लीळा लिहिल्या. त्यांत रिद्धपूर जितकं बारीक दिसतं तितकं आठशे वर्षांपूर्वीचं दुसरं मराठी खेडं मला ठाऊक नाही. गल्ल्या, विहिरी, कोणाच्या चुलीवर काय शिजतं, कोण कोणावर चिडतं. कालिदासाचा ढग वरून पाहतो, त्याला माळ दिसतो, बायांचे डोळे दिसतात. म्हाइंभट जमिनीवरून पाहतात, त्यांना उंबरठे दिसतात. या मुलखाची दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत असं मी भाच्याला म्हणालो. त्यानं घड्याळ पाहिलं. सावजी खायला उशीर होत होता.

तो परत गेला. मी आषाढात एकटाच पुन्हा निघालो, एक फूल पाहायचं होतं म्हणून. चौथ्या श्लोकात यक्ष ढगाला ताज्या कुटजाची फुलं वाहतो. कुटज म्हणजे कुडा. मनसरच्या पुढं गाडी लावून डोंगराच्या उतारावर गेलो, तर होता. फार शोधावं लागलं नाही. बोटभर लांबीच्या देठांवर पांढऱ्या चांदण्यांचे झुबके, वास मंद, जाईच्या जवळ जाणारा. खाली गळलेल्या फुलांना तांबड्या मातीचे डाग पडलेले. मला उगीच वाटायचं की यक्षानं पूजेसाठी काही राजस निवडलं असेल. कुड्याला बागेत कोणी लावत नाही. लोकांना तो माहीत असतो पोट बिघडल्यावर, सालीच्या काढ्यासाठी. हद्दपार माणसानं हाताला लागलं ते ओंजळीत घेतलं.

ढग होता. गडाच्या डोक्यावरून सरकत चालला होता, अगदी हवा तसा, काळा, पोट टेकवून. पण टाकला त्यानं शिंतोडाच. परतताना पुन्हा मनसरजवळ एका बांधावर बाई उभी होती. धानाची पऱ्हं टाकून झाली असावीत. हातात विळा, डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ. मी गाडी हळू केली तशी तिनं विचारलं, "रामटेकाकडं होतं काय जी पानी?"

"होतं थोडं," मी म्हणालो. "पण ढग निघून गेला. उत्तरेकडं."

तिनं उत्तरेकडं पाहिलं, मग पश्चिमेकडं, मग पुन्हा उत्तरेकडं.

"गेला तं जाऊ द्या," ती म्हणाली, "दुसरा येऊन राह्यला मांगून," आणि खोळ डोक्यावर सारखी करून बांधावरून खाली उतरली.